दुप्पट कर, दहावा काढ

मुंबईत हवा सेल्सिअसमध्ये तापते
आणि माणूस फॅरनहाइटमध्ये.
बातम्यांत चौतीस म्हणाले की आपण पंखा वाढवतो,
पण पोराला चौतीस ताप आहे असं सांगून बघा,
शेजारीण म्हणेल, आधी थर्मामीटर झटक.

ससून डॉकच्या शीतगृहात मी नोंदी लिहायला लागले
तेव्हा वहीत दोन रकाने होते,
एक आपला, एक माल घेणाऱ्या अमेरिकन कंपनीचा.
कोळंबी तीच. थंडीही तीच.
पेणकर म्हणाले, वैती, कॅल्क्युलेटर बाहेर ठेव,
आत त्याचे आकडे आंधळे होतात.
दुप्पट कर. दहावा भाग काढ. बत्तीस घाल.
बस.

उणे अठरा. म्हणजे उणे छत्तीस,
त्यातले साडेतीन गेले,
वर बत्तीस, की आलोच शून्यावर, जवळजवळ.
जवळजवळ त्यांना चालायचं नाही.
पॉइंट चार खाली आहे, ते म्हणायचे, लिही.
पॉइंट चारसाठी परत आलेला कंटेनर
मी हुंगलाय.

शनिवारी ते येत नसत.
माझी शनिवारची पानं रविवारी तपासत,
चुकीखाली रेघ नाही, नुसता एक ठिपका.

बत्तीसच का, मी एकदा विचारलं.
पाणी गोठतं तिथे एकाने शून्य मांडलं.
दुसऱ्याला त्याच्याही खाली बघायचं होतं.
शून्य काय गं, म्हणाले,
आपण खुर्ची टाकू तिथे ते बसतं.

मग भायखळ्याचं इस्पितळ, खाट अकरा.
नवीन यंत्र, कानात घालून टिक् करणारं,
आणि परिचारिका म्हणाली, एकोणचाळीस पॉइंट चार.
दीनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
त्यांना एकशे एक कळतं, एकशे दोन कळतं,
एकोणचाळीस ही त्यांच्या लेखी बसची गर्दी.
हात त्यांनी आधीच कपाळावर ठेवला होता.
रविवारपेक्षा कमी आहे, म्हणाल्या.
त्यांची मोजपट्टी रविवारपासून सुरू होत होती,
तिचं रूपांतर मला येईना.

मी मनात केलं.
अठ्ठ्याहत्तर पॉइंट आठ, आठेक वजा, एकाहत्तर,
वर बत्तीस.
एकशे तीन.
आणि तोंडाने म्हणाले, एकशे एक, दीनाबाई, उतरतोय.

खाटेवरून, डोळे मिटलेलेच,
ओठांना कोरड, तरी ओळखीचा खरखरीत आवाज:
वैती. दोन डिग्री खाल्ल्यास.

दीनाबाई हसल्या. त्यांना वाटलं तापात बडबडतायत.
मीही हसले,
आणि पिशवीतली मोसंबी उगाच मोजू लागले.

आता वही माझ्याकडे आहे.
मोठ्या फ्रीजरच्या दाराशी खिळ्यावर
त्यांची कानटोपी तशीच,
कुणी काढत नाही, कुणी घालतही नाही.
आत उणे चाळीस.
पेनाची शाई थिजते म्हणून शिसपेन न्यायची,
पापण्या एकमेकींना चिकटायच्या आत बाहेर पडायचं.

उणे चाळीसला दोन्ही रकाने सारखेच.
आपलं तेच त्यांचं,
न मोडता, न जोडता लिहून टाकावं.
नव्या पोराला, किणीला, मी तसं सांगितलंही होतं.
तरी दर वेळी मीच पुटपुटते:
ऐंशी. आठ गेले, बहात्तर. बत्तीस घाल.
आणि चाळीसवरच येऊन उभी राहते,
निघाले होते तिथेच.
बाई, हे कशाला, किणी म्हणतो, माहीतच आहे ना.
मी म्हणते, लिही.

बाहेर चौतीस. बर्फाच्या गाड्या, टोपल्या, मांजरं.
चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या होतात.
वही छातीशी धरून मी थांबते
आणि पुसत नाही लगेच.